यादीतले नाव कधी निघते?

हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या मारुंजीत मी वकिली करतो. इथे कंपनीत रुजू व्हायचे, खोली भाड्याने घ्यायची किंवा ठेकेदाराकडे कामाला लागायचे, तर पोलिसांकडची पडताळणी आडवी येते. त्यामुळे ज्या घरात लैंगिक गुन्ह्याचा खटला होऊन गेला आहे, तिथून एक प्रश्न हमखास येतो, ''वकीलसाहेब, दिल्लीच्या त्या यादीत पोराचे नाव गेले का? आणि गेले असेल, तर मुदतीआधी काढता येईल का?'' आज याच प्रश्नाविषयी बोलू.

प्रथम ही यादी काय आहे ते पाहू. केंद्रीय गृहमंत्रालयाने 20 सप्टेंबर 2018 रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, ती सांभाळतो. सुरुवातीलाच तिच्यात सुमारे 4 लाख 40 हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, छेडछाड आणि बालकांवरील अत्याचारांचा पॉक्सो कायदा, यांखाली 2005 पासून दोषी ठरलेल्यांची नावे, पत्ते, छायाचित्रे आणि बोटांचे ठसे तिच्यात असतात. ही यादी फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते. अमेरिकेत अशी यादी शेजाऱ्यालाही पाहता येते. आपल्याकडे घरमालक, सोसायटीचा सेक्रेटरी किंवा कंपनीचा अधिकारी ती उघडू शकत नाही. मात्र पोलीस चारित्र्य पडताळणीचा दाखला देतात, त्यात शिक्षेची नोंद येऊ शकते, हे वेगळे लक्षात ठेवावे.

आता नाव काढण्याचे. ही यादी सरकारी निर्णयाने उभी राहिली. तिच्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केलेला नाही. त्यामुळे 'इतकी वर्षे नीट वागलो, आता माझे नाव काढा' असा अर्ज कोणत्या न्यायालयात, कोणत्या कलमाखाली करायचा, याची तरतूदच नाही. शिक्षा भोगून झाली म्हणून दोषसिद्धी पुसली जात नाही. पैसे घेऊन 'वरून' नाव काढून देतो असे कोणी सांगितले, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मग वाट कोणती? मला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट अपिलाची. नाव यादीत जाते ते दोषसिद्धीमुळे, तेव्हा दोषसिद्धीच रद्द झाली की नोंदीचा आधार जातो. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, तर उच्च न्यायालयात अपिलाला 60 दिवस मिळतात. दंडाधिकाऱ्यांनी दिली असेल, तर सत्र न्यायालयात 30 दिवस. 'दंड भरून सुटलो, आता कशाला अपील' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. छेडछाडीच्या किरकोळ वाटणाऱ्या शिक्षेतही हा विचार महागात पडतो. मुदत टळली असेल, तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण लागते.

दुसरी वाट अल्पवयीनांची. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 24 सांगते की, मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्यामुळे त्याला पुढे कोणतीही अपात्रता येऊ नये आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्याची नोंद नष्ट करावी. अपवाद आहे. सोळा वर्षांवरील मुलाने अतिगंभीर गुन्हा केला आणि बाल न्यायालयाने त्याला प्रौढासारखे चालवून दोषी ठरवले, तर हे संरक्षण मिळत नाही. म्हणून शाळेचा दाखला आणि जन्माची नोंद पहिल्याच दिवशी न्यायालयात दाखल करा.

तिसरी वाट निर्दोष सुटलेल्यांची. 2022 च्या गुन्हेगारी ओळख कायद्यानुसार ठसे आणि छायाचित्रे 75 वर्षे ठेवता येतात. पण ज्याला पूर्वी शिक्षा झालेली नाही असा माणूस निर्दोष सुटला, आणि त्यावरचे अपील वगैरे सारे संपले, तर न्यायालयाने कारणे देऊन वेगळा आदेश केला नसेल तेव्हा ती सामग्री नष्ट करायची असते. त्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. निकालाची प्रमाणित प्रत त्याला जोडा, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. निकाल लागला म्हणजे कागद आपोआप हलतील, या भरवशावर राहू नका.

एक अवघड प्रकार उरतो. एकोणीस वर्षांचा मुलगा आणि सतरा वर्षांची मुलगी राजीखुशीने पळून गेली, तरी पॉक्सो लागतो. अठरा वर्षांखाली संमती धरली जात नाही. लैंगिक संबंध आला असेल, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा 10 वर्षे आहे. पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात मुलगी चौदा वर्षांची होती आणि पुढे आरोपीबरोबरच संसार करत होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये त्या तरुणाची दोषसिद्धी कायम केली. मे 2025 मध्ये विशेषाधिकार वापरून त्याला शिक्षा भोगायला लावायची नाही असे ठरवले. शिक्षा टळली, पण दोष राहिला. अशा मुलाने पुढे कुठे जायचे?

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न 2010 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. फेरविचाराची संधीच न देता माणसाला जन्मभर यादीत ठेवणे न्यायालयाने हक्कांचा भंग ठरवले. 2012 पासून तिथे प्रौढाला 15 वर्षांनी आणि दोषी ठरताना अल्पवयीन असलेल्याला 8 वर्षांनी अर्ज करता येतो. अर्ज केला म्हणजे नाव निघालेच असे नाही. त्या माणसापासून अजून धोका आहे का, हे तपासून निर्णय होतो, आणि धोका वाटला तर नाव राहते. कॅलिफोर्नियानेही 2021 पासून गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 10 वर्षे, 20 वर्षे आणि आजन्म असे तीन गट केले आहेत.

आपल्या महाराष्ट्राला याद्यांचा अनुभव नवा नाही. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेत पारध्यांसारखे समाज जन्मानेच नोंदवहीत गेले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणात माणसे हजेरी देत राहिली. 1952 मध्ये कायदा गेला, तरी संशय गेला नाही. आजची यादी न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांची आहे, हा मोठा फरक मी मान्य करतो. लेकीबाळींच्या सुरक्षेसाठी ती असावी, असेही माझे मत आहे. पण नाव कधी, कोणी, कोणत्या निकषावर काढायचे, हे कायद्यात लिहिलेले हवे. सराईत अत्याचारी आणि एकदाच चुकलेला एकोणीस वर्षांचा मुलगा एकाच रकान्यात असतील, तर खरा धोका कुठे आहे, हे शोधताना पोलिसांचीही दमछाक होईल.

तोपर्यंत निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा आणि अपिलाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न गटातील माणसे, यांना तिथे मोफत वकील मिळतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)