हॅस्केल : फलनाधारित संगणकभाषा आणि सहअध्ययनाची परंपरा

प्रस्तावना

संगणकाची भाषा शिकणे म्हणजे तिचे व्याकरण पाठ करणे आणि नेमून दिलेले प्रोग्रॅम चालवून पाहणे, असा सर्वसाधारण समज आढळतो. सी भाषा अवगत असलेल्या विद्यार्थ्याला तिच्या वळणाची दुसरी भाषा थोड्या दिवसांत आत्मसात करता येते. कारण चिन्हे बदलली तरी विचाराची पद्धत तीच राहते. हॅस्केल ही फलनाधारित भाषा मात्र या समजाला अपवाद आहे. ती शिकताना नवे काही मिळवण्याआधी जुन्या काही सवयी बाजूला ठेवाव्या लागतात, आणि हे काम एकट्याने करणे कठीण जाते. म्हणूनच या भाषेभोवती आरंभापासून हौशी व व्यासंगी अभ्यासकांच्या सहअध्ययनाची परंपरा उभी राहिली. फलनाधारित विचाराचे स्वरूप काय, हे सहअध्ययन कशाच्या आधारावर चालते आणि ते कोठे अपुरे पडते, या तीन प्रश्नांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

१. फलनाधारित विचाराचे स्वरूप

'क्ष = क्ष + १' हे समीकरण शाळेतील बीजगणितात कोणत्याही संख्येसाठी खरे ठरत नाही. सी भाषेत मात्र ते रोजचे विधान आहे. तेथे बरोबरीचे चिन्ह समानता दर्शवीत नाही, तर 'क्ष या जागी साठवलेली किंमत एकाने वाढव' अशी आज्ञा देते. हॅस्केलमध्ये हे चिन्ह पुन्हा आपल्या गणिती अर्थाने येते. एकदा क्षची व्याख्या केली की ती बदलत नाही. वरील विधान व्याख्या म्हणून लिहिले तर क्षची किंमत काढण्यासाठी पुन्हा क्षचीच किंमत लागते आणि उत्तर कधीच हाती येत नाही.

या फरकाचा परिणाम साध्या उदाहरणातून स्पष्ट होतो. १ ते १० मधील सम संख्यांच्या वर्गांची बेरीज काढावयाची आहे. रूढ पद्धतीत एक चल शून्यावर ठेवून लूप चालवावे लागते व प्रत्येक फेरीत त्या चलाची किंमत बदलावी लागते. हॅस्केलमध्ये तीन फलने एकापुढे एक जोडली जातात. पहिले सम संख्या निवडते, दुसरे त्यांचे वर्ग करते आणि तिसरे ४, १६, ३६, ६४ व १०० यांची बेरीज करून २२० हे उत्तर देते. येथे संगणकाला पायऱ्या सांगितलेल्या नसतात, उत्तराची व्याख्या दिलेली असते. शुद्ध फलनाला समान आदान दिल्यास समान उत्तरच मिळते. त्यामुळे प्रोग्रॅमचा एखादा भाग सुटा काढून कागदावर तपासता येतो, तसेच दुसऱ्याला समजावूनही सांगता येतो.

२. उगम : मतभेदांतून घडलेली समान भाषा

या विचाराचे मूळ अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे. जॉन मॅकार्थी यांची लिस्प, रॉबिन मिल्नर यांची एमएल व डेव्हिड टर्नर यांची मिरांडा या त्या परंपरेतील महत्त्वाच्या भाषा होत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात परस्परांशी साम्य असलेल्या डझनभराहून अधिक फलनाधारित भाषा निरनिराळ्या विद्यापीठांत वापरल्या जात होत्या. प्रत्येक गटाची भाषा वेगळी असल्याने एकाचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. १९८७ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे भरलेल्या परिषदेत जमलेल्या संशोधकांनी सर्वांसाठी एक समान भाषा तयार करण्याचे ठरवले आणि त्यासाठी समिती स्थापन झाली. पॉल ह्यूडाक, फिलिप वॅडलर, जॉन ह्यूज, सायमन पेटन जोन्स आदी संशोधक या कार्यात सहभागी होते. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव भाषेला देण्यात आले आणि १ एप्रिल १९९० रोजी तिचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. तात्पर्य, ही भाषा कोणा एका कंपनीची वा व्यक्तीची निर्मिती नाही. चर्चा करणाऱ्यांनी चर्चेसाठीच ती घडवली.

३. टाइप : अभ्यासकांची समान बोली

हॅस्केलमधील प्रत्येक फलनाला टाइप असतो. ते काय घेते आणि काय देते, याचे ते संक्षिप्त विधान होय. समजा, एखादे फलन कोणत्याही प्रकारच्या घटकांची यादी घेते आणि त्याच प्रकारच्या घटकांची यादी देते. घटक संख्या आहेत की अक्षरे, हे त्या फलनाला ठाऊक नसल्याने ते नवा घटक निर्माण करू शकत नाही. असलेल्या घटकांचा क्रम बदलणे, काही गाळणे वा काहींची पुनरावृत्ती करणे एवढेच त्याला शक्य असते. आतील मजकूर न पाहता केवळ टाइपवरून इतके अनुमान काढता येते. नील मिचेल यांनी तयार केलेल्या 'हूगल' या शोधसाधनात तर टाइप लिहूनच हवे ते फलन शोधता येते.

सहअध्ययनाच्या दृष्टीने याचे महत्त्व मोठे आहे. 'माझा प्रोग्रॅम चालत नाही' या तक्रारीऐवजी 'मजजवळ या टाइपची वस्तू आहे, त्या टाइपची हवी आहे' असा नेमका प्रश्न विचारता येतो आणि कधीही न भेटलेला अभ्यासकही त्याला नेमके उत्तर देऊ शकतो. २००० मध्ये कोएन क्लासेन व जॉन ह्यूज यांनी सादर केलेल्या 'क्विकचेक' या साधनाने या संवादात आणखी भर घातली. 'यादी दोनदा उलटवली असता मूळ यादी मिळते' असा गुणधर्म लिहून दिला, की हे साधन स्वतःच यादृच्छिक उदाहरणे तयार करून तो पडताळते. गुणधर्म खोटा असल्यास अनेकदा त्याचे प्रतिउदाहरणच समोर येते. त्यामुळे मतभेदाचा निर्णय ज्येष्ठतेवर अवलंबून राहत नाही.

४. मोनाड आणि उपमांची मर्यादा

सहअध्ययनाची खरी कसोटी मोनाड या संकल्पनेपाशी लागते. फलने शुद्ध असतील तर पडद्यावर मजकूर दाखवणे किंवा फाइल वाचणे ही कामे कशी करावयाची, हा प्रश्न हॅस्केलपुढे आरंभीच उभा होता. युजेनिओ मोजी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या सैद्धांतिक विचाराचा फिलिप वॅडलर यांनी प्रोग्रॅमिंगमध्ये उपयोग केला आणि १९९६ च्या आवृत्तीत आदान-प्रदानासाठी मोनाडचा स्वीकार झाला.

मोनाडचे एक साधे रूप असे : हजेरी क्रमांकावरून विद्यार्थ्याचे नाव, नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून पिनकोड शोधावयाचा आहे. यातील कोणत्याही टप्प्यावर माहिती नसण्याची शक्यता आहे. एरवी प्रत्येक टप्प्यानंतर 'माहिती मिळाली का' हे वेगळे तपासावे लागते. मोनाड ही जोडणी एकदाच निश्चित करतो. माहिती असेल तर पुढचा टप्पा, नसेल तर तेथेच थांबून 'काही नाही' हे उत्तर.

ही संकल्पना उमगली की शिकणाऱ्याला आनंद होतो आणि ती इतरांना सोपी करून सांगण्याची ऊर्मी येते. कोणी मोनाडला डबा म्हटले, कोणी वेष्टन म्हटले. अशा विवेचनांची संख्या वाढत गेली, तरी नव्या विद्यार्थ्यांची अडचण पूर्णपणे दूर झाली नाही. ब्रेंट यॉर्जी यांनी २००९ मध्ये या प्रवृत्तीची चिकित्सा करताना एक मार्मिक कारण दाखवून दिले. समजावणारा ज्या उपमेपाशी पोहोचलेला असतो, तिच्यामागे त्याने सोडवलेल्या अनेक उदाहरणांचे कष्ट असतात. ऐकणाऱ्याला उपमा मिळते, ते कष्ट मात्र मिळत नाहीत. डब्याची उपमा घेऊन बसलेला विद्यार्थी आदान-प्रदानाच्या मोनाडपाशी आला की 'यात डबा कोठे आहे' या प्रश्नाने अडतो. म्हणून सोबत्याने उपमा सुचवण्यापेक्षा पुढचे योग्य उदाहरण सुचवणे अधिक हिताचे ठरते.

५. पग्ज : शिकता शिकता घडलेला प्रकल्प

या दृष्टीने तैवानच्या ऑड्री तांग यांचे कार्य उद्बोधक आहे. प्रोग्रॅमिंग भाषांच्या टाइपविषयीचा बेंजामिन पीअर्स यांचा ग्रंथ अभ्यासताना त्यांनी फेब्रुवारी २००५ मध्ये एक स्वाध्याय हाती घेतला. २००० मध्ये घोषित झालेल्या पर्ल ६ या भाषेची रूपरेषा विस्तारत होती, परंतु ती चालवून पाहण्याची पुरेशी सोय नव्हती. ती सोय हॅस्केलमध्ये निर्माण करण्याचा हा प्रयत्न 'पग्ज' या नावाने ओळखला गेला.

इच्छुकांना मूळ प्रोग्रॅममध्ये बदल करण्याचा अधिकार येथे उदारपणे दिला जाई. परिणामी हॅस्केल न जाणणारे पर्लचे जाणकार आणि पर्ल न जाणणारे हॅस्केलचे अभ्यासक एकत्र आले. ज्यांना हॅस्केल येत नव्हती त्यांनी चाचण्या लिहिल्या. अद्याप न जमणाऱ्या गोष्टींच्या चाचण्याही आधीच लिहून ठेवण्यात आल्या. अशा रीतीने प्रत्येकाला आपल्या वकुबाप्रमाणे हाती घेता येईल असे काम मिळाले. काही वर्षांत पग्जचे काम थंडावले. पर्ल ६ ची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१५ मध्ये राकुडो या वेगळ्या प्रणालीद्वारे आली आणि २०१९ मध्ये भाषेचे नाव राकू असे झाले. तथापि, पग्जच्या काळात जमलेला चाचण्यांचा संग्रह त्या भाषेच्या अधिकृत चाचणी-संचाचा पाया ठरला. प्रोग्रॅम मागे पडला, परंतु सर्वांनी मिळून स्पष्ट केलेल्या अपेक्षा टिकून राहिल्या.

६. मर्यादा

या परंपरेच्या उणिवाही नोंदवणे आवश्यक आहे. जाणकारांच्या वर्तुळात वर्गसिद्धांतातील पारिभाषिक शब्द सहज वापरले जातात आणि नवागताला ते दडपून टाकतात. कंपायलरचे त्रुटिसंदेश नेमके असले तरी प्रारंभी दुर्बोध वाटतात. जावा किंवा पायथन यांच्या तुलनेत हॅस्केलवर आधारित नोकऱ्या मोजक्याच आहेत. केवळ रोजगाराच्या अपेक्षेने आलेल्या विद्यार्थ्याची म्हणूनच निराशा होऊ शकते. मात्र दस्तऐवजांचे रूपांतर करणारे पँडॉक हे बहुवापरातील साधन हॅस्केलमध्येच लिहिलेले असून त्याचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. या भाषेतील उपयुक्त काम केवळ संगणकशास्त्राच्या पदवीधरांपुरते मर्यादित नाही, हे यावरून दिसून येते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की हॅस्केलचे अध्ययन सोबतीने सुकर होते, पण सोबत केवळ उत्साहाची असून भागत नाही. टाइपसारखी नेमकी समान बोली, मताऐवजी पडताळणीवर होणारा निर्णय आणि प्रत्येकाला पेलेल असे काम या तीन गोष्टी असतील तरच ती फलदायी होते. या भाषेचा कंपायलर व आवश्यक साधने विनामूल्य उपलब्ध असून चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या भारतीय संस्थेत तिचे अध्यापनही होते. महाविद्यालयीन अभ्यासमंडळाने हा प्रयोग हाती घ्यावयाचा झाल्यास 'मोनाड म्हणजे काय' या व्याख्यानाने आरंभ करण्याचे कारण नाही. सम संख्यांच्या वर्गांची बेरीज प्रत्येकाने स्वतः लिहावी आणि शेजाऱ्याने तिचा गुणधर्म तपासावा, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकते. समज दुसऱ्याकडून तयार मिळत नाही. ती ज्या वाटेने येते त्या वाटेवर सोबत मात्र मिळू शकते.