बालकांमधील अतिसाराच्या उपचारांचा खर्च

पाच वर्षांखालील मुलांच्या अतिसारावर (जुलाबावर) उपचार करताना कुटुंब, आरोग्यसेवा आणि समाज यांच्यावर पडणाऱ्या आर्थिक भाराचा अभ्यास आरोग्य-अर्थशास्त्रात ‘आजाराचा खर्च’ या विषयात केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरातील बालकांमध्ये दरवर्षी अतिसाराच्या सुमारे १७० कोटी घटना घडतात आणि पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४४ हजार मुले त्याने दगावतात. यांतील बहुतेक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. ज्या आजाराचा मुख्य उपचार पाणी, मीठ व साखर यांवर आधारलेला आहे, तो गरीब कुटुंबाला एवढा महाग का पडतो, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

खर्चाचे घटक

तपासणी, औषधे, सलाईन व खाट यांचा खर्च हा थेट वैद्यकीय खर्च असतो. गाडीभाडे, सोबतच्या माणसांचे जेवण आणि मुक्काम हा थेट पण अवैद्यकीय खर्च ठरतो. आईवडिलांची बुडालेली मजुरी अप्रत्यक्ष खर्चात मोडते. सरकारी रुग्णालयात उपचार विनामूल्य असले, तरी तो खर्च नाहीसा होत नाही. औषध-खाटेचा भार शासनाकडे जातो आणि भाडे व बुडालेले रोज कुटुंबाकडेच राहतात. रुग्णालयातील साठा संपला असेल, तर औषधेही बाहेरच्या दुकानातून आणावी लागतात. म्हणूनच एकाच आजारपणाचा आकडा कुटुंबाच्या, रुग्णालयाच्या आणि समाजाच्या दृष्टीने वेगवेगळा निघतो.

या हिशेबातून सर्वांत सहज सुटणारी बाब म्हणजे आईचा वेळ. शेतात किंवा घरात बिनमोबदला राबणाऱ्या स्त्रीचे चार दिवस रुग्णाच्या उशाशी गेले, तर वेतनाच्या रकान्यात शून्य लिहिले जाण्याचा धोका असतो. तिच्या श्रमाचे मोल कसे ठरवायचे, यावर अप्रत्यक्ष खर्चाचा अंदाज बराचसा अवलंबून असतो.

अंदाज

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील अभ्यासांचा एक पद्धतशीर आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार एका आजारपणाचा सरासरी खर्च बाह्यरुग्णासाठी सुमारे ३७ अमेरिकी डॉलर, तर दाखल केलेल्या मुलासाठी सुमारे १६० डॉलर होता. मध्यक मात्र अनुक्रमे १६ व ८६ डॉलर, म्हणजे सरासरीच्या जवळपास निम्माच होता. काही ठिकाणचे फार मोठे आकडे सरासरी वर ओढतात, हे यावरून दिसते. थेट खर्चापैकी सुमारे ७९ टक्के भाग वैद्यकीय स्वरूपाचा होता.

ही रक्कम जड की हलकी, हे घराच्या मिळकतीवर ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत आरोग्यखर्चाचा अतिभार मोजण्यासाठी कुटुंबाच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्के व २५ टक्के अशा दोन मर्यादा वापरल्या गेल्या. लहान मुलाला अतिसार वर्षातून एकाहून अधिक वेळा होऊ शकतो. त्यामुळे एका आजारपणाचा लहान वाटणारा आकडा वर्षाच्या हिशेबात लहान राहतोच असे नाही.

स्वस्त उपचार

आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकत्र शोषले जातात आणि त्यांच्याबरोबर पाणीही शरीरात जाते. जलसंजीवनी (ओआरएस) याच तत्त्वावर काम करते. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामात बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकी पसरली व सलाईन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण मोठ्या प्रमाणावर तोंडावाटे दिले. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत घटले. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी सुधारित जलसंजीवनीच्या जोडीला १० ते १४ दिवस जस्त (झिंक) देण्याची शिफारस केली. साध्या पाण्यासारख्या जुलाबात प्रतिजैविकांची सहसा गरज नसते. तरीही ती दिली जातात आणि कुटुंबाचा पैसा वाया जातो.

भारताच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) अतिसार झालेल्या मुलांपैकी ६०.६ टक्के मुलांना जलसंजीवनी आणि ३०.५ टक्के मुलांना जस्त मिळाल्याचे आढळले. ही तूट का राहते, याचा शोध कर्नाटक व बिहारमधील दोन हजारांहून अधिक खासगी वैद्यकीय व्यावसायिकांवर केलेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घेतला गेला. त्यात पालकाची भूमिका घेतलेल्या व्यक्ती दवाखान्यांत पाठवण्यात आल्या. महागड्या औषधांतील नफा हे मुख्य कारण असावे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नफ्याचा वाटा सुमारे ५ टक्के, साठा नसण्याचा ६ टक्के आणि ‘रुग्णाला जलसंजीवनी नको असते’ या डॉक्टरांच्या समजुतीचा वाटा ४२ टक्के निघाला. पालकाने स्वतःहून मागणी केली, तर ती लिहून देण्याचे प्रमाण २७ टक्के-अंकांनी वाढले.

बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० च्या दशकात वेगळी वाट धरली. तिच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन सव्वा कोटीच्या आसपास घरांतील मातांना अर्धा लिटर पाण्यात तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ घालून द्रावण करण्यास शिकवले. मातांच्या किती लक्षात राहिले हे नंतर तपासून त्यानुसार कार्यकर्त्यांचा मोबदला ठरत असे.

लसीकरणाशी संबंध

लसीवर होणाऱ्या खर्चातून टळलेल्या उपचारांचा खर्च वजा करून तिची किफायत ठरवली जाते. त्यामुळे केवळ रुग्णालयाचे बिल मोजले, तर लस प्रत्यक्षाहून महाग दिसते. बालकांतील तीव्र अतिसाराचे एक प्रमुख कारण असलेल्या रोटाव्हायरसविरुद्धची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश व ओडिशा या चार राज्यांपासून सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये आली. अन्य जंतूंमुळे होणारे जुलाब ही लस रोखत नाही. त्यांसाठी शुद्ध पाणी व स्वच्छता यांवरील खर्च वेगळा धरावा लागतो.