लहान कांद्याचे हिवाळी सूप

फुलकिडे कांद्याची पात खरवडून रस शोषतात. पातीवर पांढुरके चट्टे पडतात व कांदा पोसत नाही. अशा लहान कांद्यास भाव कमी मिळतो आणि खरिपाचा कांदा साठवणुकीतही फार काळ टिकत नाही. घरगुती सूपसाठी मात्र तो उपयुक्त ठरतो. शेवटच्या फवारणीनंतरचा प्रतीक्षा कालावधी पाळून काढलेलाच कांदा घ्यावा. काळी बुरशी किंवा सड असलेला टाळावा.

चौघांसाठी अर्धा किलो कांदा उभा चिरून २ चमचे तुपात मंद आचेवर ३० ते ४० मिनिटे परतावा. उष्णतेने उग्रपणा ओसरतो. कांद्यातील शर्करेमुळे तांबूस रंग व गोडवा येतो. ४ कप पाणी, मीठ, मिरपूड घालून १५ मिनिटे उकळावे व गरम वाढावे.