पायाखाली पाणी, घशाला कोरड

मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी 'पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल' ही अमेरिकेतील सुमारे ४,२६५ किलोमीटरची पायवाट नावाप्रमाणेच डोंगरमाथ्यांवरून जाते. तिला १९६८ च्या कायद्याने राष्ट्रीय दर्जा मिळाला. मात्र या वाटेचा एक टप्पा माथा सोडून थेट मोहावी वाळवंटाच्या पश्चिम टोकाला, दक्षिण कॅलिफोर्नियातील अँटिलोप खोऱ्याच्या सपाटीवर उतरतो. सावली नाही, झरा नाही, वारा मात्र भरपूर. उत्तरेकडे निघालेले पदयात्री बहुधा मे महिन्यात, सुमारे ८३० किलोमीटर चालून येथे पोहोचतात, आणि त्या दिवसांत पारा ३५ अंशांपुढे जाणे नवलाचे नसते.

वाट खाली का उतरली, याचे उत्तर भूगोलात नाही. टेहाचापी डोंगराच्या माथ्यावरून ती नेण्याचा विचार होता. पण तो प्रदेश 'तेहोन रँच' या लाखभर हेक्टरांच्या खासगी जमिनीत मोडतो आणि मालकांनी वाट देण्यास नकार दिला. पुढे २००८ साली पर्यावरण संघटनांशी झालेल्या करारात वाट डोंगरावर नेण्याची तरतूद झाली खरी. परंतु आजवर हजारो पावले पडली ती सपाटीवरच.

महामार्ग क्रमांक १३८ ओलांडला की वाटसरूला पहिल्यांदा दिसते ते पाणीच! राज्याच्या उत्तर भागातील पाणी दक्षिणेला नेणारा उघडा काँक्रीटचा कालवा काही अंतर सोबत करतो. त्याचे काठ उतरते आणि निसरडे; आत पडलेल्या माणसाला बाहेर येणे अवघड. थोड्याच वेळात त्याची जागा लॉस एंजेलिसची जलवाहिनी घेते. आधी मोठा पोलादी नळ, मग जमिनीखाली गेलेला बंदिस्त पाट आणि त्यावरून जाणारा मातीचा सरळसोट रस्ता. तहानलेला माणूस तासन् तास अक्षरशः नदीच्या डोक्यावरून चालतो आणि त्याला ओंजळभर पाणी मिळत नाही.

ही नदी पळवून आणलेली आहे, असे ओवेन्स खोऱ्यातील लोक म्हणत आले. विल्यम मुलहोलंड या अभियंत्याने उभारलेली ३७५ किलोमीटरची ही जलवाहिनी १९१३ साली सुरू झाली. एकही पंप न लावता, केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात आले. अभियांत्रिकी म्हणून ते थक्क करणारेच. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ओवेन्स सरोवर आटले आणि १९२४ साली संतापलेल्या खोरेकरांनी जलवाहिनीला सुरुंग लावला. शहराची तहान आणि खोऱ्याची तहान यांच्यातील हा तंटा आपल्या तळव्यांखालून वाहतो आहे, हे चालणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल?

त्यांचे लक्ष असते हिशेबात. महामार्गापासून कॉटनवूड ओढ्यापर्यंत सुमारे २८ किलोमीटर. उन्हात सहा किलोमीटरला एक लिटर धरले, तरी पाच लिटर लागतात. शिवाय रात्रीचा स्वयंपाक आणि राखीव साठा. लिटरमागे एक किलो वजन, आणि ते वाहण्यासाठी आणखी घाम. वर केवळ पाणीच पीत राहिले, तर रक्तातील सोडियम विरळ होऊन भोवळ, मळमळ, क्वचित त्याहून भयंकर काही ओढवते. म्हणून खारे खाणे हवेच. खुद्द कॉटनवूडचा ओढा बहुतेक वेळा कोरडा असतो. वाटेतल्या पाणवठ्यांची ताजी खबर स्वयंसेवक संकलित करतात, ती वाचूनच निघावे. कोणी दयाळू माणसांनी रस्त्याकडेला पाण्याचे कॅन ठेवलेले असतात. पण त्यांच्या भरवशावर राहू नये, असे ट्रेलची संघटनाच बजावते, कारण आधी आलेल्यांनी ते रिकामे केलेले असू शकतात.

यावर अनेकांनी शोधलेला उपाय जुनाच आहे. दुपार एखाद्या आडोशाला काढायची आणि सूर्य कलल्यावर निघायचे. जोशुआ वृक्षांच्या वेड्यावाकड्या आकृत्या चांदण्यात माणसांसारख्या भासतात, तापलेल्या मातीवर ऊब घेत पडलेला विषारी मोहावी रॅटलस्नेक विजेरीच्या उजेडात वेळीच दिसला म्हणजे मिळवली, आणि दूरवर पवनचक्क्यांचे तांबडे दिवे एकाच वेळी लुकलुकत राहतात. पहाटेपर्यंत ओढ्यावरचा पूल गाठला, तर त्याच्या सावलीत झोप घेता येते. तिथून वाट पुन्हा टेहाचापीच्या चढाला लागते आणि जलवाहिनीची साथ सुटते.