नव्या घराची ओली भिंत

घर पहावं बांधून आणि लग्न पहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. लग्नाचं अजून तसं खरं आहे, पण न्यू जर्सीत आपल्यापैकी किती जण घर 'बांधून' पाहतात? आपण पाहतो ते मॉडेल होम. त्यात पडदे लावलेले, टेबलावर ताटल्या मांडलेल्या, दिवाणखान्यात ताजी फुलं. भारावून सही करायची, आणि मग दर रविवारी मुलांना घेऊन साइटवर जायचं, भिंती किती वर आल्या ते बघायला. पुण्याहून आजी फोनवर विचारते, देवघर कुठल्या दिशेला आहे? ते आपण कधीच बघून घेतलेलं असतं. छपरावरचं पाणी कुठल्या दिशेला जाणार, हे मात्र घरात कोणीच विचारत नाही.

इथला बिल्डर स्वतः एक खिळाही ठोकत नाही, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. फ्रेमिंगवाला वेगळा, छपरावाला वेगळा, सायडिंगवाला, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, रंगारी, प्रत्येकाचा ठेका वेगळा. त्यांच्यावर देखरेख करणारा बिल्डरचा 'सुपर' एकाच वेळी डझनावारी घरं सांभाळत असतो. छपरावाल्याला वाटतं, भिंतीजवळचा पत्रा सायडिंगवाला बसवेल. सायडिंगवाला येतो तेव्हा त्याला वाटतं, तो बसवून झाला असेल. घर बहुधा गळतं ते अशा दोन ठेकेदारांच्या सांध्यात.

आमच्या घरी नेमकं हेच झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्लोजिंग झालं, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वास्तुशांत झाली. एप्रिल २०२३ मध्ये फॅमिली रूमच्या खिडकीच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग दिसला. फोटो काढून बिल्डरला कळवलं. आठ-दहा दिवसांनी त्याचा माणूस आला, डागाकडे बघितलं, स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्याकडे स्वयंपाक खूप होतो ना? वाफेनं असं होतं." फॅमिली रूमची ती भिंत गॅरेजच्या बाजूला, चुलीपासून तीस फुटांवर. वरणभाताची वाफ एवढ्या लांब जाऊन एकाच कोपऱ्यात कशी बसते, हे विचारल्यावर तो हसला. जूनमध्ये येऊन खिडकीभोवती कॉकिंगची एक रेघ ओढून गेला. जुलैत वादळी पाऊस झाला आणि डाग दुप्पट झाला.

मग आम्ही बिल्डरची वाट न बघता स्वतः एक होम इन्स्पेक्टर बोलावला. त्यानं भिंतीला ओल मोजायचं यंत्र लावलं, नंतर बाहेरून बागेच्या नळीनं पाणी मारायला सांगितलं. आधी फक्त खिडकीवर, पंधरा मिनिटं. काही नाही. मग खिडकीच्या वर, जिथे गॅरेजचं छप्पर घराच्या भिंतीला भिडतं तिथे. दहा मिनिटांत आत काटा वर गेला. त्याचा लेखी रिपोर्ट पाठवल्यावर ऑगस्टमध्ये बिल्डरनं सायडिंग उघडलं. त्या सांध्याच्या टोकाला एक वाकवलेला पत्रा असावा लागतो. त्याला किकआउट फ्लॅशिंग म्हणतात. छपराच्या कडेनं वाहत येणारं पाणी भिंतीपासून लांब, गटरमध्ये ढकलायचं, एवढंच त्याचं काम. पत्रा तळहाताएवढा असतो. तो बसवलेलाच नव्हता. दर पावसात पाणी सायडिंगच्या मागे उतरत होतं. आतली लाकडी फळी स्क्रूड्रायव्हरनं टोचली तर ओल्या बिस्किटासारखी तुटत होती. घर दहा महिन्यांचं होतं.

"पण टाउनशिपच्या इन्स्पेक्टरनं पास केलं होतं ना?" असं आम्हाला अनेकांनी विचारलं. केलं होतं. सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी मिळाल्याशिवाय इथे राहायला जाता येत नाही. न्यू जर्सीत १९७५ च्या कायद्यानं राज्यभर एकच बांधकाम संहिता आहे आणि तिच्याप्रमाणे ठराविक टप्प्यांवर तपासणी होते. पण ती किमान नियमांची तपासणी. आपल्या एस.एस.सी.त पस्तीस मार्कांनाही पासच म्हणायचे, तसं. शिवाय इन्स्पेक्टर प्रत्येक खिडकीचा आणि छपराच्या प्रत्येक कोपऱ्याचा सांधा बघत बसत नाही. कारागिरी चांगली की वाईट, हे ठरवणं त्याचं कामही नाही.

म्हणून आपला स्वतःचा माणूस लागतो. होम इन्स्पेक्टरला लायसन्स लागेल असा कायदा न्यू जर्सीनं १९९८ मध्ये केला, तेव्हा लायसन्स बघूनच बोलवा. त्याला एकदा नव्हे, दोनदा बोलवायचं. पहिल्यांदा शीटरॉक लावायच्या आधी, कारण त्यानंतर भिंतीच्या पोटात काय आहे ते देवालाच ठाऊक. प्लंबरनं ड्रेनचा पाइप न्यायला आढं कापून ठेवलं आहे का, बाथरूमच्या पंख्याचा पाइप बाहेर नेला आहे की नुसताच अटिकमध्ये सोडला आहे, हे तेव्हाच दिसतं. (पंखा अटिकमध्ये सोडला की दोन हिवाळ्यांत छपराच्या आतल्या बाजूला बुरशी येते. हे आमच्या ओळखीत दोन घरी झालं आहे.) बिल्डर करारात अशा तपासणीला आडकाठी घालू शकतो, म्हणून परवानगी सही करायच्या आधीच लिहून घ्यावी. आणि एक लक्षात ठेवा, रिअल्टरनं केलेल्या छापील करारात वकिलाला दाखवायला तीन दिवस मिळतात. बिल्डरच्या स्वतःच्या करारात ती सोय बहुधा नसते. त्यामुळे वकील आधी, पेन नंतर.

दुसरी तपासणी क्लोजिंगच्या आधीच्या वॉक-थ्रूला. त्या दिवशी आपण सगळे रंगाचे ओघळ आणि ओरखडे शोधत निळ्या टेप चिकटवत फिरतो. ओरखडे काय, नंतरही निघतील. त्यापेक्षा बाहेर जा आणि जमीन बघा. पहिल्या दहा फुटांत जमीन घरापासून निदान सहा इंच उतरती हवी, असा नियम आहे. उलट उतार असेल तर सगळं पाणी तुमच्या बेसमेंटला पाहुणं येणार. हिवाळ्यात क्लोजिंग असेल तर बिल्डर म्हणतो, जमीन गोठली आहे, ग्रेडिंग वसंतात करून देऊ. खरं असू शकतं. पण तेवढे पैसे एस्क्रोमध्ये अडकवून ठेवायला वकिलाकडून मागणी करावी. बरेच बिल्डर नाही म्हणतात. काही हो म्हणतात.

आता वॉरंटीबद्दल. न्यू जर्सीत १९७७ पासून नव्या घरांच्या वॉरंटीचा कायदा आहे आणि तो प्रत्येक नव्या घराला लागू आहे, मग वॉरंटी राज्याच्या योजनेतली असो की खाजगी. हिशेब एक-दोन-दहा असा. पहिलं वर्ष साहित्य आणि कारागिरीचं. दुसऱ्या वर्षापर्यंत प्लंबिंग, वीज आणि हीटिंग-कूलिंगच्या जोडणीतले दोष. तिथून दहा वर्षांपर्यंत फक्त मोठा बांधकाम-दोष, म्हणजे घराचा भार पेलणारा भागच निकामी होऊन घर राहण्याजोगं उरलं नाही, अशा धर्तीचा. या दोन पायऱ्यांमधली उडी फार मोठी आहे, आणि पुष्कळांना ती माहीत नसते. 'दहा वर्षांची वॉरंटी' एवढंच लक्षात राहतं. वॉरंटीच्या पुस्तिकेत किती रुंदीची भेग म्हणजे दोष आणि किती रुंदीची नाही, हेसुद्धा मापात दिलेलं असतं. ती पुस्तिका कंटाळवाणी आहे. पण ती वाचा.

तक्रार लेखी करायची, तारखेसह, पोच मिळेल अशा रीतीनं. सुपरशी ड्राइव्हवेवर झालेलं गोड बोलणं म्हणजे तक्रार नव्हे. तो चांगला माणूस असतो, 'डोंट वरी' म्हणतो, आणि वर्ष संपायच्या आत दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. आपल्या लोकांना एक भीड असते, सारखी कटकट कशी करायची? आपण भाडेकरू नाही हो, गिऱ्हाईक आहोत, तेही तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतलेलं.

कायद्यात एक खोच मात्र आहे. एखाद्या दोषाबद्दल वॉरंटीखाली रीतसर दावा दाखल केला की त्याच दोषासाठी कोर्टाचा रस्ता बंद होतो. तेव्हा दोष किरकोळ असेल तर हरकत नाही, पण मोठा असेल तर फॉर्म भरायच्या आधी वकिलाला विचारणं आलंच. बिल्डरला साधं पत्र लिहिणं म्हणजे दावा नव्हे, ते आधी करावंच लागतं.

आमची भिंत उघडली तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला. आमच्या रस्त्यावर त्याच मॉडेलची अकरा घरं. छपरावाला तोच, सायडिंगवाला तोच. किकआउटचा पत्रा ड्राइव्हवेवर उभं राहून दिसतो. एका संध्याकाळी आम्ही आणि आमचे तेलुगू शेजारी दुर्बीण घेऊन रस्ता फिरलो. अकरापैकी एकाही घराला तो नव्हता. आम्ही सगळ्यांची दारं वाजवली. नऊ घरांनी मिळून पत्र लिहिलं. दोघं नाही म्हणाले. त्यातले एक आपलेच मराठी गृहस्थ. "अहो, कशाला लिहून देता? उद्या विकायला काढलं तर? आमच्याकडे तर डागसुद्धा नाही."

त्यांची काळजी खोटी नव्हती. घर हीच आपल्या बहुतेकांची सगळ्यात मोठी बचत. पण लपवून ती वाचत नाही. १९७४ सालीच झुरळांनी भरलेल्या एका घराच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं होतं की विकणाऱ्यानं माहीत असलेला मोठा दोष दडवला असेल तर घेणारा व्यवहार मोडू शकतो. आणि १ ऑगस्ट २०२४ पासून इथे घर विकताना घराच्या स्थितीचा छापील फॉर्म भरून द्यावाच लागतो. पाणी कुठे शिरलं, केव्हा, दुरुस्त केलं का, सगळं त्यात आहे. 'दोष होता, बिल्डरनं दुरुस्त केला, हे कागद' असं लिहिता येणं केव्हाही बरं.

नऊ घरांची दुरुस्ती नोव्हेंबर २०२३ पर्यंत झाली. बिल्डरनं सहजासहजी केली नाही, पण नऊ सह्यांचं पत्र एका पत्रापेक्षा जड असतं. नवं सायडिंग जुन्याशी जुळत नाही, उन्हात आमची भिंत दोन रंगांची दिसते. त्या मराठी गृहस्थांचं वर्ष जानेवारी २०२४ मध्ये संपलं आणि मार्चमध्ये त्यांच्या भिंतीवर तसाच डाग आला. फळी कुजली होती, पण घर पडत नव्हतं, म्हणून दहा वर्षांच्या कलमात ते बसलं नाही. खर्च त्यांनी स्वतः केला. आम्ही नंतर त्यांच्याकडे चहाला गेलो तेव्हा त्या विषयावर कोणीच बोललं नाही.

बिल्डर म्हणजे घर नावाचा माल बनवणारा कारखानदार, हा विचारही मूळ इथलाच. लेविट कंपनीनं बर्लिंग्टन काउंटीत हजारो घरांची वसाहत उभारली होती. तिथल्या एका घरात नळाच्या कढत पाण्यानं एक लहान मूल भाजलं, कारण गार-गरम पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह बसवलेला नव्हता. १९६५ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं, मोटार बनवणाऱ्यावर जशी जबाबदारी, तशीच अशा घाऊक घरं बनवणाऱ्यावर. तोवर 'घेणाऱ्यानं बघून घ्यावं' हाच न्याय होता.

टाउनहाउस घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. तिथे छप्पर आणि बाहेरच्या भिंती बहुधा असोसिएशनच्या ताब्यात, आणि असोसिएशन सुरुवातीला बिल्डरच्या ताब्यात. पाऊणशे टक्के घरं विकली गेली की कायद्यानं मंडळ रहिवाशांकडे येतं. त्या वेळी इंजिनिअर नेमून सगळ्या सामायिक बांधकामाची तपासणी करून घ्यायची असते. इथल्या जुन्या मंडळींना १९८० च्या दशकातलं प्लायवुड प्रकरण आठवत असेल. टाउनहाउसच्या दोन घरांमधल्या भिंतीजवळ छपराला आग न पकडणारं, रसायन लावलेलं प्लायवुड वापरलं गेलं. उन्हाच्या तापानं त्या रसायनामुळे लाकूडच ठिसूळ झालं आणि काही वर्षांत छपरावर पाय ठेवण्याची सोय राहिली नाही. शेवटी १९९१ मध्ये राज्याला कायदा करून वॉरंटी फंडातून दुरुस्तीचा खर्च द्यावा लागला. अशी गोष्ट एकट्या घरमालकाला लढवता येत नाही, मंडळाला येते. आणि मंडळाच्या निवडणुकीला आपले लोक उभेच राहत नाहीत. गणपतीच्या कमिटीला तेरा नावं येतात, एच.ओ.ए.ला एकही नाही.

जाता जाता, ज्यांनी आईबाबांसाठी पुण्या-मुंबईकडे नवा फ्लॅट घेतला आहे त्यांच्यासाठी. २०१६ च्या रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवलेला बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष बिल्डरनं तीस दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा आहे. ही मुदत इथल्यापेक्षा चांगली आहे. पण तक्रार कोणीतरी लिहायला हवी, आणि वडील म्हणतात, "राहू दे रे, तू आलास की बघू." या डिसेंबरात जाणार असाल तर ताब्याच्या पत्रावरची तारीख आधी बघून ठेवा, आणि बाथरूमच्या खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन त्यांचं छत बघून या.