मोरचूद, चुना आणि दहावीचे विज्ञान

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, "सायन्स आपल्या पोरांना झेपायचं नाही, आर्ट्‌सला घाला." आम्हाला हे मान्य नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा कलेबरोबर विज्ञानाचेही दार आपल्या मुलांसाठी उघडले. भीती असते ती रासायनिक अभिक्रियांच्या धड्याची. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन ही चार नावे मुले गाईडमधून पाठ करतात आणि परीक्षेत नेमकी उलटसुलट लिहितात.

बारामती-इंदापूरच्या डाळिंब-द्राक्षाच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या आईवडिलांना मात्र हे चारही प्रकार हातचे आहेत.

चुन्यापासून सुरुवात करू. चुनखडी भट्टीत खूप तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना उरतो. एकाचे दोन झाले, हे अपघटन. त्या कळीवर पाणी ओतले की ती फसफसते, वाफा येतात, पिंप चटका बसेल इतके तापते. दोघांचे मिळून एकच, विरलेला चुना. हा संयोग, आणि उष्णता बाहेर पडते म्हणून उष्मादायी. मुलांना त्या पिंपावर वाकू देऊ नका. डोळ्यात शिंतोडा गेल्यास लगेच भरपूर पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा.

आता बोर्डो मिश्रण. एक टक्क्याच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना घेतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. दोन्ही वेगवेगळे कालवून एकत्र केले की जोडीदारांची अदलाबदल होते. तांबे चुन्याकडचा हायड्रॉक्साइड घेते, सल्फेट कॅल्शियमकडे जाते, आणि आभाळी रंगाचा साका तयार होतो. हे दुहेरी विस्थापन.

मिश्रण जमले की नाही हे जुने जाणते मजूर विळ्याने पाहतात. स्वच्छ विळा थोडा वेळ त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे राहिले आहे, म्हणजे चुना कमी पडला. तसेच फवारले तर पाने करपतात, म्हणून थर येईनासा होईपर्यंत चुना वाढवतात. तो थर तांब्याचा असतो. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला हुसकावून स्वतः सल्फेटशी जोडले जाते. हेच विस्थापन. मोरचूद लोखंडी पिंपात का कालवत नाहीत, याचेही उत्तर यातच आहे. ज्या बाईने हे शेकडो वेळा पाहिले, तिच्या लेकीला विज्ञान झेपत नाही असे कोणी म्हणावे?

माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांकडेही याच नजरेने पाहता येते. पांढऱ्या साखरेसाठी गंधक जाळून वायू करतात, हा संयोग. उसाच्या रसात चुना घालून तो वायू सोडला की कॅल्शियम सल्फाइटचा साका बसतो आणि रसातली घाण घेऊन खाली जातो.

शाळेत प्रयोगशाळा नसेल तर घासलेला खिळा मोरचुदाच्या निळ्या पाण्यात अर्धा तास ठेवून पाहा. पाण्याचा निळा रंग फिका होतो, खिळा तांबूस होतो. भांडे मात्र काचेचे आणि कायमचे वेगळे ठेवलेले हवे. मोरचूद विषारी आहे, धाकट्या भावंडांच्या हाताला लागू देऊ नका.