मोटारीचा मूक पहारेकरी

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीकडे जाणारी सडक अरण्यातून जाते. दोन्ही बाजूंस साग आणि बांबू दाटीने उभे असतात. मोटार क्षणात दिसेनाशी होते. पण तिने सोडलेले वायू मागेच राहतात.

इंजिनात पेट्रोल जळताना तीन घातक पदार्थ उत्पन्न होतात. पहिला कार्बन मोनॉक्साइड. त्यास रंग नाही, वास नाही. परंतु रक्तात शिरून तो प्राणवायूची जागा बळकावतो. दुसरा पदार्थ म्हणजे न जळलेल्या इंधनाची वाफ आणि तिसरा म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. प्रखर उन्हात या शेवटच्या दोहोंपासून ओझोन तयार होतो. उंच आकाशात आपले रक्षण करणारा हा वायू जमिनीलगत मात्र फुप्फुसांस आणि झाडांच्या पानांस अपाय करतो. चंद्रपूरचे ऊन तर प्रसिद्धच आहे!

या वायूंस अडविण्यासाठी इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसविलेला असतो. त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ दोन घरे जोडतो, पण स्वतः होता तसाच राहतो. हे धातूही तसेच आहेत. त्यांच्या सान्निध्यात विषारी वायूंचे रूपांतर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत होते. भारतातील चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींस हे साधन आवश्यक ठरले.

तरीही काही मालक ते काढून टाकतात. कोणास वाटते, मोटार अधिक वेगाने धावेल. कोणास धातूच्या किमतीचा मोह पडतो. प्रत्यक्षात वेग फारसा वाढत नाही. उलट आवाज वाढतो, उग्र दर्प येतो आणि नव्या मोटारींत इशाऱ्याचा दिवा लागून राहतो. प्रदूषण तपासणीत मोटार नापास होण्याचा संभव असतो. शिवाय, प्रदूषणाची मर्यादा ओलांडणारे वाहन चालविणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार गुन्हा आहे.

हे साधन फार तापते, हे मात्र खरे. म्हणून उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यावर मोटार उभी करू नये. वणवा लागण्याचे भय असते. परंतु त्यावर उपाय सावधगिरी हा होय; पहारेकऱ्यास हाकलणे हा नव्हे.

चंद्रपूरच्या हवेवर औष्णिक वीजकेंद्राचा आणि कोळशाच्या खाणींचा भार आधीच आहे. त्यात आपली भर कशाला? मोटार एकाची असते. पण तिने सोडलेली हवा गावातील लेकरांपासून रानातील सागापर्यंत सर्वांच्या वाट्यास येते.